शेपटाकडची खरखर

"आई, तू जन्मापासूनच एवढी कंटाळवाणी आहेस, की नंतर झालीस?"

प्रश्न माझा नव्हता. वकील आणि टाचणी या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावली होती, की तिघींनी आपापल्या आईला हा प्रश्न एका शब्दाचाही फरक न करता विचारायचा, आणि जी शेपूट घालेल तिनं वर्गात बाकावर उभं राहून गाणं म्हणायचं. वकीलला वकील म्हणतात, कारण हरलेलं भांडण ती दुसऱ्या दिवशी नव्या मुद्द्यांसकट पुन्हा सुरू करते. टाचणीला टाचणी का म्हणतात ते तिच्या शेजारी बसलं की आपोआप कळतं. मी काही घाबरणाऱ्यातली नाही. म्हणजे आता नाही. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करता करता केस सारखे केल्याचं नाटक करून तो खाली घ्यायचे. पण या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, बाटलीचं बूच उडावं तशी मी उडाले; वादविवादात बोलले, सरांशी भांडले, परीक्षा दिली, निवडली गेले, आणि आता मला कुठल्याच प्रश्नाची भीती वाटत नाही. उत्तराची वाटू शकते हे त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. आई इस्त्री करत होती. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. लोकांच्या रक्तातली साखर दिवसभर चौकटीत बसवायची आणि घरी येऊन दुसऱ्या दिवसाचा पांढरा कोट कडक करायचा, हे तिचं आयुष्य. मला वाटलं, आता "फार शिंगं फुटली आहेत" असं काहीतरी ठरलेलं येईल. तिनं इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाली, "नाही. तुझ्याएवढी असताना मी बरीच मजेदार होते."

"म्हणजे काय करायचीस?"

"एक खेळ लिहिला होता. बोगद्याचा."

"लिहिला म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर गं," ती म्हणाली. 'बाल्कनीत वाळत घातलंय' हे ज्या सुरात सांगते त्याच सुरात. आणि इस्त्री पुन्हा उचलली. "तो दुसरा कोट दे इकडे."

मी कोट दिला. काय बोलणार? माझी आई मोबाइलवरचा फोटो दुसऱ्या मोबाइलनं काढून पाठवते. तिला 'फाइल' म्हटलं की पुठ्ठ्याचीच आठवते, असं आम्ही तिला चिडवतो. पण मला खरा धक्का बसला तो 'बोगदा' या शब्दाचा. कारण बोगद्याचा खेळ मला माहीत होता, आमच्या अख्ख्या गोतावळ्याला माहीत होता, आणि तो मामाचा होता. गेल्या वर्षी मामाची पन्नाशी झाली तेव्हा बाबांनी त्याला एक भेट दिली होती. बाबांचं दुकान आहे, बाजाराच्या तळघरात, झेरॉक्सवाल्याच्या पलीकडे; जुन्या कॅसेटी, फ्लॉप्या, सीड्या, बंद पडलेल्या हार्ड डिस्का, जे काही लोकांच्या माळ्यावर कुजत पडलेलं असतं ते नव्यावर उतरवून द्यायचं, हा त्यांचा धंदा. तर त्यांनी आईच्या माहेरून आलेल्या, आमच्या माळ्यावरच्या सुटकेसमधली कॅसेट उतरवून आणली होती, मामाच्या पहिल्या मुलाखतीच्या सरावाची. सगळ्या पाहुण्यांसमोर लावली. आधी एक बारीक मुलीचा आवाज: "चालू झालंय, बोला." ही कोण चिमणी, असं कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. मग आजोबांचा आवाज, तरुण आणि खोटा-खोटा कडक: "आपल्या आवडीनिवडी सांगा." आणि मग मामा, आवाज अजून नीट न फुटलेला: "मला लहानपणापासून कॉम्प्युटरचं वेड आहे सर. घरच्या मशीनवर मी बोगद्याचा एक खेळसुद्धा तयार केला आहे." काय टाळ्या पडल्या! मामा लाजला, "जाऊ द्या हो, पोरवयातल्या गोष्टी," म्हणाला. मीही टाळ्या वाजवल्या, शिटीसुद्धा मारली. आई केकच्या बशा वाटत होती. आता आठवतं तर ती म्हणाली होती, "चमचे कमी पडतायत," आणि आत गेली होती. ते चमचे बराच वेळ सापडले नव्हते.

आणि आई बोगद्याचं बोलली ती नेमकी त्या आठवड्यात, ज्या आठवड्यात घरातला जो तो मला समजूतदार म्हणत होता. त्याचं असं, की दहावीनंतरच्या एका निवासी विज्ञानशाळेत माझी निवड झाली होती. दुसऱ्या शहरात, दोन वर्षं तिथंच राहायचं, स्वतःची प्रयोगशाळा, रात्री दुर्बिणी, आणि वाचनालयाला कुलूप नाही. माझं नाव यादीत बघितलं तेव्हा मी जिन्यावरून ओरडत वर गेले होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं आग लागली. पण आमचा थोरला, म्हणजे माझा भाऊ, त्याची प्रवेशपरीक्षा हुकली होती आणि सध्या दुपारी घरी असणारा तो पुन्हा तयारीसाठी बाहेरगावी जाणार होता; आणि आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, दुपारी एकटं ठेवता येत नाही. ते गॅस तसाच ठेवतात, दार उघडं टाकून खाली जातात आणि मग घर कुठलं ते आठवत नाही. आई लॅबमध्ये, बाबा दुकानात. जवळच्या कॉलेजचे वर्ग सकाळीच संपतात, म्हणजे दुपारी मी मोकळी. तेव्हा बाबांनी सोमवारी मला जवळ बसवून, चष्मा काढून, "एका वर्षी दोघं गेलात तर घराचं कसं व्हायचं, तू पुढच्या वर्षी जा," असं म्हटलं. पुढच्या वर्षी ती शाळा घेत नाही, दहावीनंतर लगेच घेते नाहीतर नाही, हे बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं, भिंतीवरच्या घड्याळालाही माहीत असावं. मी म्हटलं, "चालेल." इतक्या सहज म्हटलं, की माझं मलाच कौतुक वाटलं. बाबा शनिवारी शाळेला नकार कळवणार होते. त्या रात्री आइस्क्रीम आलं. थोरल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "पोरगी समजूतदार आहे," आजोबा म्हणाले, "अगदी आईवर गेली आहे." आणि मी तो शब्द पदकासारखा गळ्यात घालून चार दिवस हिंडत होते.

मैत्रिणींना मी खोटं सांगितलं. "आई म्हणाली, जन्मापासूनच," असं. वकील म्हणाली, माझी आई तर उलट मलाच म्हणाली की तू जन्मलीस तेव्हापासून. आम्ही हसलो.  घरी आले आणि आजोबा डुलक्या काढत असताना माळ्यावरची ती सुटकेस खाली ओढली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी सुटकेसमध्ये भरून ठेवलेला आहे. बाबा साऱ्या गावाचं उतरवतात, घरचं नाही. आत काय नव्हतं! चौकोनी फ्लॉप्या, त्याआधीच्या मोठ्या, पातळ, वाकणाऱ्या फ्लॉप्या, जाड डिस्का ज्यांचं नावही आता कुणी घेत नाही, सीड्या ज्यांच्या पाठीवरचा चंदेरी पापुद्रा उन्हात सोललेल्या नाकासारखा निघतोय, एक हार्ड डिस्क जिला जोडायची पट्टीच आता बनत नाही. थोरल्याचं बालपण, बाबांचे पहिले हिशेब, माझे दुडुदुडु चालतानाचे फोटो, सगळं आत. आणि काढायचं कशानं? मला लहानपणापासून दुकानात जाऊन बसायची सवय आहे आणि तिथं मी गिऱ्हाइकांचे चेहरे बघितलेत. एक निवृत्त शिक्षिका आली होती, पर्समध्ये रुमालात गुंडाळून एकच डिस्क घेऊन. बाबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि अगदी मायेनं सांगितलं, "तुमचं सगळं आत आहे बघा, सुखरूप आहे, फक्त हिला वाचणारं यंत्र आता माझ्याकडे नाही. होतं, गेल्या महिन्यात गेलं." ती "बरं" म्हणाली. पुन्हा रुमालात गुंडाळली आणि जिना चढून गेली. बरं! मला तेव्हाच वाटलं होतं की ओरडावं. कुणीतरी कुठंतरी गारेगार खोलीत बसून ठरवतं की उद्यापासून हे भोक बंद, ते भोक चालू, आणि मग माणसांनी आपली आयुष्यं काखोटीला मारून या भोकातून त्या भोकात पळत सुटायचं; ज्याला पळता आलं नाही, ज्याला कुणी वेळेवर सांगितलं नाही, तो मागं राहिला, त्याचा काही दोष नसताना. आणि वर सगळे म्हणणार, काळच बदलतो त्याला काय करणार. काळ काही बदलत नाही. माणसं बदलतात आणि काळावर ढकलतात.

कॅसेट तळाशी होती. कागदावर आईचं अक्षर, शाळकरी, गोल, त्यावर एक आडवी रेघ, आणि रेघेखाली आजोबांच्या सरकारी वळणात 'मुलाखत – सराव'. आईचा खोडलेला शब्द उजेडात धरला तर वाचता येत होता: बोगदा. मी कॅसेट हातात घेऊन फिरवली आणि मला ती चिकटपट्टी दिसली. दुकानात वाढलेल्या पोरीला ती दिसणारच. कॅसेटच्या वरच्या कडेला कोपऱ्यात एक छोटा प्लास्टिकचा दात असतो. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. आतलं जपायचं असेल तर लोक मुद्दाम मोडतात. हा दात मोडलेला होता. आणि त्याच्या रिकाम्या जागेवर चिकटपट्टीचा नेटका तुकडा लावलेला होता, कारण पट्टी लावली की कॅसेट पुन्हा फसते, पुन्हा भरून घेते. म्हणजे कुणीतरी 'हे कधीच पुसायचं नाही' असं ठरवलं होतं, आणि कुणीतरी पट्टी लावून ते पुसलं होतं. चुकून नाही. चुकून कुणी पट्टी इतकी सरळ कापत नाही.

दुकानात गेले तेव्हा बाबा एका फ्लॉपी ड्राइव्हचं पोट उघडून बसले होते. तीन ड्राइव्हपैकी तो एकच जिवंत राहिलेला. "बाबा, ही लावा."

"ही तर उतरवून झालीय, मामाच्या पन्नाशीला नाही का."

"पूर्ण?"

"पूर्णच. शेपटाकडे थोडी खरखर होती, ती कापून टाकली." बाबांची एक पद्धत आहे आणि तिचा त्यांना अभिमान आहे. लोकांचं खाजगी असतं, आपण बघायचं नाही. तोंड तपासायचं, शेपूट तपासायचं, मधलं ज्याचं त्याला. त्यामुळं गिऱ्हाइकं त्यांच्यावर विश्वास टाकतात. "दमट हवेनं टेप शेवटाकडे खराब होते गं. तुला काय करायचीय?"

"लावा म्हणते ना."

"अगं हो, अंगावर काय येतेस!" त्यांनी लावली आणि पुढं पळवली. मामाचा आवाज चिरकत धावला, थांबला. मग खट्. मग ती खरखर. पण ती खरखर नव्हती. एक बारीक, सलग शिट्टी, जशी किटलीला फुटते, मग तिच्यात कुणी वाळू ओतावी तसा जाड, दाणेदार आवाज, मग पुन्हा शिट्टी, पुन्हा वाळू. एका लयीत. बाबांचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा चेहरा असा झाला, की जसा दुसऱ्याच्या चपला घालून घरी आल्यावर होतो. "अगं," ते म्हणाले, "हा तर डेटा आहे." जुन्या घरगुती कॉम्प्युटरला डिस्क नव्हती. मशीन टीव्हीला जोडायचं, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, आणि प्रोग्रॅम आवाज होऊन कॅसेटवर जायचा, तोच आवाज ऐकवला की परत मशीनमध्ये यायचा. हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. "तुम्ही तपासलं होतंत," मी म्हटलं. "शेपूट."

"तपासलं होतं. पण मी मामाची कॅसेट म्हणून तपासली ना. माणसाच्या आवाजामागं असलं काही आलं की आपल्याला वाटतं, बिघाड."

"तुम्हाला वाटतं. तुमचा धंदा आहे हा!"

गिऱ्हाईक म्हणून बाकावर बसलेल्या एका काकांनी मोबाइलमधून मान वर केली.  बाबांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि टेप वाचणाऱ्या डोक्याशेजारचा तो चिमुकला स्क्रू हळूहळू फिरवायला लागले. तो फिरला की आवाज धुक्यातून बाहेर आल्यासारखा धारदार होतो. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते, आणि तरी त्यांची बोटं बघताना मला वाटलं की ही बोटं फार चांगली आहेत, आणि त्यानं मी आणखीच चिडले. शिट्टी काचेसारखी लख्ख झाली तेव्हा त्यांनी ती कॉम्प्युटरवर भरून घेतली. असल्या शिट्ट्यांचे पुन्हा आकडे आणि अक्षरं करून देणारा एक प्रोग्रॅम नेटवर फुकट मिळतो, जगात कुठंकुठं म्हातारी झालेली पोरं बसून असली कामं करतात, देव त्यांचं भलं करो. सुरुवात गेलेली होती. मामाच्या आवडीनिवडींखाली गाडली गेली होती, आणि सुरुवातीशिवाय खेळ चालत नाही. पण शेवटच्या ओळी आल्या. पडद्यावर आधी कचरा, चौकोन, उद्गारचिन्हं, आणि मग एकदम, रोमन अक्षरांत, सगळी मोठी, पण शब्द आपले:

हरलात? हरकत नाही. दादा रोज हरतो.

जिंकलात? मग अभ्यास कधी करता?

हा खेळ मी केला. मी म्हणजे मी. दादाने फक्त टीव्ही लावून दिला.

पुढचा बोगदा लवकरच!

दादा म्हणजे आईचा दादा, मामा. बाबा वाचून हसले, अगदी खळखळून, आणि मग हसता हसता थांबले. मला हसू आलं नाही. मला कसं सांगू, ते माझंच बोलणं होतं. ते आगाऊ उद्गारचिन्ह, ते 'मी म्हणजे मी', मी वहीच्या मागच्या पानावर अगदी असंच लिहिते. ही मुलगी माझ्या वर्गात असती तर वकील आणि टाचणी एका बाजूला झाल्या असत्या आणि आम्ही दोघी दुसऱ्या. ही पोरगी कुठं गेली? पुढचा बोगदा कुठाय? मला वाटलं, ती मेली असती तर निदान कुणी रडलं तरी असतं. ती मेली नाही, तिला इस्त्री करता येते, तिचे रिपोर्ट बिनचूक असतात, आणि कुणालाही काहीही चुकल्यासारखं वाटत नाही.

घरी आई भांडी पुसत होती. मी कॅसेट ओट्यावर ठेवली. "ही पट्टी कुणी लावली? आजोबांनी की मामानं?"

तिनं हात पुसले, कॅसेट उचलली, बोटानं पट्टी चाचपली. "मी," ती म्हणाली.

"तू?"

"कोरी कॅसेट नव्हती घरात. दादाची मुलाखत दुसऱ्या दिवशी. आजोबा म्हणाले, ती एक किंचाळणारी आहे ना, ती घ्या. दादा म्हणाला हिच्यावर भरत नाहीये. मग मी पट्टी लावून दिली. त्यांना कुठं माहीत होतं ते."

"आणि रेकॉर्डचं बटण?"

"तेही मीच दाबलं. त्या दोघांना कुठलं यायला?" ती थोडी हसली. खरंच हसली!

"आई, तो त्याच्यावरच बोलला! तुझ्याच खेळावर बसून सांगितलं की खेळ त्याचा आहे, आणि तू समोर होतीस!"

"आजोबांनी सुचवलं होतं त्याला. मुलाखतीत चांगलं दिसेल म्हणून. तसं माझ्या उपयोगाचं काय राहिलं होतं त्यात? मशीन तर आधीच देऊन टाकलं होतं. ते दादासाठीच आणलेलं, त्यानं हात लावणं सोडलं मग घरात कशाला ठेवायचं. मशीन नाही तर ती कॅसेट वाचणार कशावर? नुसती शिट्टी."

"तू काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलणार?" आणि मग ती ते म्हणाली, अगदी साधेपणानं, ओट्यावरचं पाणी फडक्यानं एका बाजूला ओढत. "सगळ्यांना बरं वाटलं. आजोबा म्हणाले, पोरगी समजूतदार आहे."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, कारण तिथं थांबले असते तर काहीतरी फोडलं असतं. बाहेर आजोबा खुर्चीत. पायावर शाल, गुडघ्यावर कालचं वर्तमानपत्र, ते रोज आजचं म्हणून वाचतात. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मनात भाषण तयार होतं, मुद्द्यांसकट, वकीलनं मान खाली घातली असती असं. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ये गं," म्हणाले, "तुझी आई काय करते आत? फार गुणी पोर. कधी म्हणून हट्ट केला नाही बघ तिनं. दादानं करावा, हिनं सोडावा." आणि माझा हात हातात घेतला. त्यांची बोटं कागदासारखी. मी ओरडले नाही. पण त्यांना माफही केलं नाही, आणि हे दोन्ही एकाच वेळी करता येतं हे मला तेव्हा कळलं. माणूस ज्याचं पांघरूण सारखं करतो त्याच्यावर त्याच क्षणी धुमसूही शकतो. राग बाहेर पडायला जागाच सापडेना. मामावर काढावा तर त्याला खरंच वाटत असणार की खेळ त्यानंच केला, इतकी वर्षं सांगितल्यावर. बाबांवर काढावा तर त्यांनी बिचाऱ्यांनी प्रेमानंच खरखर कापली. कुणी दुष्ट नाही. सगळे चांगले, मायाळू, आइस्क्रीम आणणारे. आणि या सगळ्या चांगल्या माणसांनी मिळून एका पोरीच्या तोंडावर पट्टी लावली, आणि पट्टी सरळ लागावी म्हणून कात्री तिच्याच हातात दिली. मला सगळ्यात जास्त राग आला तो आईचा. होय, आईचा. तिच्या त्या हसण्याचा. मग लक्षात आलं की सोमवारी 'चालेल' म्हणताना मीही तसंच हसले होते, ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून. आरशात जाऊन करून बघितलं. तेच हसू. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

शुक्रवारी शाळेत मी कुणाशी धड बोलले नाही. टाचणीनं विचारलं, "कुणी चावलं का?" मी सांगितलं, सगळं, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं उभं राहून, त्या शाळेचं, नकाराचं, पट्टीचं. त्यांना शाळेचंही माहीत नव्हतं. मी समजूतदारपणे तेही लपवलं होतं.  वकील म्हणाली, "पण तुझे आजोबा?" आणि मला तिची मानगूट धरावीशी वाटली, कारण तोच तर प्रश्न होता, खरा प्रश्न, आणि तो काही खोटा नव्हता. म्हातारा माणूस खरंच रस्ता चुकतो. गॅस खरंच उघडा राहतो. टाचणी म्हणाली, "त्यांना एकच मुलगी आहे का?" एवढंच, डबा बंद करता करता. त्यांना मुलगाही आहे हे मला इतकं चांगलं माहीत होतं, त्याच्या पन्नाशीला मी शिटी मारली होती, आणि या हिशेबात तो कुणाच्याच, अगदी कुणाच्याच, माझ्यासुद्धा डोक्यात आला नव्हता. संध्याकाळी घरी आले. जेवताना बाबा मला चोरून बघत होते. आईनं दोनदा माझ्या कपाळाला हात लावला. मी त्यांच्याकडे बघत होते आणि विचार करत होते की यांना दुखेल. दुखणारच. मला भीती वाटत होती, अगदी मागच्या वर्षीसारखी, हात वर करण्याआधीची. मी कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. आजोबांना गोळ्या दिल्या. राग पुरत नाही, हे कुणी सांगत नाही. राग नुसता ढकलत नेतो दारापर्यंत. कडी आपल्यालाच काढावी लागते.

शनिवारी सकाळी बाबा मोबाइल घेऊन टेबलाशी बसले. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. आई चहा गाळत होती. थोरला अंघोळीला गेला होता आणि आजोबा अजून उठले नव्हते.

"शाळेला कळवून टाकतो," बाबा म्हणाले. "काय लिहू? कौटुंबिक अडचण?"

"काही लिहू नका," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, पण मी तो तसाच पुढं नेला. "बाबा, आई, दोघं ऐका. आई, गाळणं ठेव. सोमवारी मी 'चालेल' म्हटलं होतं, ते मी परत घेतेय. चालणार नाही. मी त्या शाळेत जाणार, याच वर्षी, आणि हे मी विचारत नाहीये, सांगतेय. आजोबांजवळ दुपारी कोण बसणार हा प्रश्न खरा आहे, पण तो माझ्या एकटीचा नाही. तो तुमचा आहे, थोरल्याचा आहे, आणि मामाचा तर सगळ्यात आधी आहे. त्याला आज फोन करा; तुम्हाला जमत नसेल तर मी करते. आणि मला वाईट वाटेल, त्याचं मी तिकडे गेल्यावर बघून घेईन, तुम्ही त्याची काळजी करू नका. फक्त यापुढं या घरात मला कुणी समजूतदार म्हणायचं नाही."